पिवळ्या पानाचं कारण

पान पिवळं पडलं की माणसं आधी पाणी ओततात. उभा जन्म झाडांच्या नोकरीत गेला, त्यात हे मी पक्कं पाहिलं. घरात पोराला ताप आला तर डॉक्टरकडं जातील, बैल बसला तर जाणत्या माणसाला विचारतील, पण कुंडीतलं पान पिवळं दिसलं की तांब्या उचलतील. मग झाड मेलं की रोपवाटिकेत येऊन मलाच ऐकवणार, "अप्पा, तुमचं झाडच नाजूक निघालं हो!"

आता मी निवृत्त आहे, तरी लोक घरी येतात. वर्तमानपत्रात गुंडाळून एखादं पान आणतात आणि वैद्यापुढं हात धरावा तसं माझ्यापुढं धरतात. हल्ली शिकल्यासवरल्या घरांत ऑर्किड ठेवायची हौस आली आहे. गेल्या महिन्यात एक वकिलीणबाई आल्या. पानं काळपट पडली म्हणून बिचाऱ्या रडकुंडीला आलेल्या. विचारता विचारता कळलं, पानांना चकाकी यावी म्हणून त्या रोज खोबरेल चोळत होत्या. मी म्हटलं, "बाई, पान श्वास घेतं. तुम्ही त्याच्या नाकात तेल ओतताय." त्या हसल्या, मीही हसलो. पण त्या गेल्यावर मला बराच वेळ करमलं नाही. ऑर्किडचं पिवळं पान समोर आलं की मला धाराशिवचा तो बंगला आठवतो आणि लाडलेसाब आठवतात. ह्या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या. गमतीजमती पुष्कळ आहेत, पण लिहायला बसलो तर हात ह्याच आठवणीकडं वळतो.

आमचं मूळ घर मुरुमकडचं. वडिलांचा पानमळा होता. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि दफ्तरात उर्दू अशा तीन भाषांत मी वाढलो, पण खरं शिकलो ते नागवेलीच्या पानांवर. कोणतं पान उन्हानं उतरलं आणि कोणतं मूळ कुजल्यामुळं, हे मला मिसरूड फुटायच्या आधीच कळत होतं. त्याची घमेंडही होती. निजामाच्या राज्याची शेवटची काही वर्षं चालू होती. तेव्हा धाराशिवात एका बड्या अंमलदाराच्या बंगल्यावर मला माळी म्हणून ठेवलं. त्यांचं नाव आणि हुद्दा लिहीत नाही. त्यांची नातवंडं कुठं ना कुठं असतील, आणि ह्या गोष्टीत दोष त्यांचा नाही.

लाडलेसाब त्याच बंगल्यावर भिश्ती होते. नव्या वाचकांसाठी सांगतो, भिश्ती म्हणजे मशकीनं पाणी वाहणारा. मशक म्हणजे बकऱ्याच्या अख्ख्या कातड्याची पिशवी. ती पाठीवर घ्यायची, तोंड मुठीत धरायचं आणि हवी तेवढी धार सोडायची. बंगल्यातली विहीर मचूळ होती, म्हणून लाडलेसाब पार वेशीबाहेरच्या गोड्या विहिरीवरून पाणी आणत. घरातले माठ तेच भरत, अंगणात सडा तेच मारत, उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे तेच भिजवत. कंबरेतून वाकलेले, पण तोंडावर कधी आठी नाही. बायको वारली होती. मागच्या खोलीत ते आणि त्यांची मुलगी जैतून राहत. जैतून बंगल्यातली धुणीभांडी करायची. लाडलेसाबांना मी चाचा म्हणायचो.

बेगमसाहेबा हैदराबादच्या. त्यांच्या भावानं दक्षिणेतल्या डोंगरांतून त्यांच्यासाठी ऑर्किड पाठवली. येडशी स्टेशनावर पेटी उतरली आणि ती आणायला मी आणि लाडलेसाब बैलगाडी घेऊन गेलो. वाटेत मी फट सारून आत पाहिलं. माती नाही, कुंडी नाही. लाकडाच्या ढलप्यांना बांधलेली जाड पानांची झाडं, मुळं उघडी.

मी म्हटलं, "चाचा, हे तर बांडगूळ! आमच्यात आंब्यावर असलं काही आलं की कोयत्यानं उतरवतेत."

"हळू बोल बाबा," लाडलेसाब म्हणाले. "आंब्यावर असतंय तोवर बांडगूळ. बेगमसाबच्या पेटीत बसून आलं की मेहमान."

त्या मेहमानांना मागच्या व्हरांड्यात वाळ्याच्या पडद्याआड टांगलं. बेगमसाहेबांच्या भावानं उर्दूत दोन पानं सूचना लिहून पाठवल्या होत्या. त्या मी कारकुनाकडून वाचून घेतल्या. बाकीचं झाडांनीच शिकवलं. ऑर्किडचं पान गर्द हिरवं दिसलं की आपल्याला बरं वाटतं, पण ते खरं उजेड कमी पडल्याचं लक्षण. निरोगी पान पोपटी असतं. ऊन लागलं तर उन्हाकडच्या अंगाला पांढुरका चट्टा उमटतो, मग तो करपतो. पाणी जास्त झालं तर खालची पानं एकामागून एक पिवळी होऊन लिबलिबीत पडतात आणि मूळ चिमटीत धरलं तर साल हातात येते. पाणी कमी पडलं तर पान सुरकुततं. मचूळ पाणी घातलं तर मुळांवर पांढरं किटण चढतं आणि पानांची टोकं तपकिरी होतात. अगदी खालचं एखादं जुनं पान पिवळं झालं तर मात्र काही करायचं नसतं. त्याचे दिवस भरलेले असतात.

पहिली हिवाळी फुलं आली तेव्हा बेगमसाहेबांनी मला शेरवानीचं कापड दिलं. लाडलेसाब म्हणाले, "फुलं तुझी, पाणी माझं, कापड तुलाच का रं?" आणि खो खो हसले. मी ते कापड गावाकडं सगळ्यांना दाखवून आलो.

मग उन्हाळा आला. धाराशिवचा उन्हाळा डोंगरातल्या झाडांना काय मानवणार! दिवसातून चार वेळा शिंपडलं तरी मुळं तासाभरात कोरडी. तेव्हा मला एक युक्ती सुचली. आम्ही महादेवाची माणसं. आमच्या घरी पिंडीवर गळती टांगलेली असते, म्हणजे बुडाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं. त्यातून थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत राहतं. मला वाटलं, झाडांवरही तशीच गळती टांगली तर? गावाहून आणि ओळखीच्या मठातून जुन्या गळत्या गोळा करून आणल्या, प्रत्येक झाडावर एक टांगली. त्यात पाणी लाडलेसाब मशकीनं भरायचे. दर सोमवारी मी गळत्या उतरवून चिंचेनं लख्ख घासायचो आणि तशाच परत टांगायचो. पडद्यातून येणाऱ्या उजेडात त्या अशा चमकायच्या की साहेबांकडं आलेले पाहुणे मुद्दाम मागच्या व्हरांड्यात येऊन बघून जायचे. बेगमसाहेबा सगळ्यांना सांगायच्या, "हमारे माली की ईजाद है." ईजाद म्हणजे शोध. तो शब्द मी पाठ करून ठेवला.

पुढं झाडांचा रंग उतरू लागला. आणि उतरला तो उलटा. पाणी जास्त झालं असतं तर जुनी पानं आधी गेली असती. इथं कोवळी पानंच फिकट येत होती. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, टोकं जळाल्यासारखी काळी. मुळांची टोकं हिरवीगार असायची, ती काजळासारखी झाली. मी झाडं सावलीत सरकवली. पाणी कमी करून पाहिलं. पानांमागं कीड आहे का म्हणून रिठ्याच्या पाण्यानं पुसून काढली. काही फरक पडेना.

अखेर बेगमसाहेबांनी मला बोलावलं. त्यांचा भाऊ झाडं बघायला येणार होता. त्या रागावल्या नव्हत्या, डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "गुरप्पा, सच बताओ. इन पत्तों को क्या हुआ?"

ऊन गेलं, कीड गेली, पाण्याचं माप गेलं. उरल्या दोनच गोष्टी, मशक आणि माझी गळती. गळतीचा विचार माझ्या मनात आला नव्हता असं मला लिहिता आलं असतं. पण तो आला होता. एका गळतीखालच्या लाकडावर हिरवट डाग पडलेला मी दोन दिवसांपूर्वीच पाहिला होता आणि अंगठ्यानं पुसून टाकला होता. देवाच्या भांड्यातलं पाणी झाडाला बाधेल, हे मनाला पटत नव्हतं. चामड्याच्या पिशवीतलं पाणी मात्र मला आधीपासून खटकत होतं. तांबं पवित्र आणि कातडं विटाळाचं, हे मी घरून घेऊन आलो होतो. त्यावर माझी ईजाद होती, शेरवानीचं कापड होतं, नोकरी होती.

मी म्हणालो, "सरकार, मशक जुनी झाली आहे. कातड्याला मीठ असतंय, कमावताना लावलेल्या सालीचा कस असतोय. तो पाण्यात उतरत असंल."

मला वाटलं होतं, फार तर नवी मशक येईल. पण त्या उन्हाळ्यात साहेबांच्या धाकट्या मुलाचं पोट सारखं बिघडत होतं. बेगमसाहेबांचा चेहरा एकदम उतरला. "यही पानी हमारे घड़ों में जाता है!" एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. दुपारच्या आत जमादारानं लाडलेसाबांना हुकूम सांगितला. नोकरी गेली, मागची खोलीही रिकामी करायची.

संध्याकाळी लाडलेसाब माझ्याकडं आले. मी गुलाबाची आळी करत होतो. ह्यात माझं नाव आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते माझ्याशेजारी उकिडवे बसले.

"गुरप्पा, कातडं खराब झालं म्हणतेत. आसंलही. म्या रोज धुत होतो, पर कातडंच हाय ते. तुझी झाडं माझ्यापायी गेली रं. माफ कर."

मी आळ्यातली माती ओढत राहिलो.

"तुझं बेगमसाब ऐकतेत," ते म्हणाले. "एक बोल टाक माझ्यासाठी. माठाला हात न्हाय लावणार, नुसता सडा मारीन. जैतूनचं ठरलंय. दफ्तरातला चपराशी हाय पोरगा. बंगल्यावरची माणसं म्हणून त्यांनी होकार दिलाय. नोकरी गेली तर ते लोक फिरतील. एवढं लगीन होस्तोवर तरी..."

"बोलतो चाचा," मी म्हटलं.

ते उठले, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि गेले. मी बोललो नाही. त्या संध्याकाळी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बापलेक डोक्यावर बोचकी घेऊन फाटकातून बाहेर पडले. सास्तूरला त्यांच्या भावाचं घर होतं, तिकडं गेले. मी तेव्हा व्हरांड्यात गळत्या घासत होतो. सोमवार होता.

पाणी आता लोखंडी पिंपातून येऊ लागलं. बेगमसाहेबा मुलाला घेऊन महिनाभर हैदराबादला गेल्या, भावाचं येणंही लांबलं. मशक गेली तरी पिवळेपणा थांबला नाही. आणखी दोन झाडं गेली. तेव्हा मात्र मी सगळ्या गळत्या उतरवून पोत्यात भरल्या आणि मातीच्या मडक्यांना भोकं पाडून ती टांगली. काही आठवड्यांत मुळांना हिरवी टोकं फुटली. नवं पान पोपटी आलं. ते बघून माळ्याला काय आनंद व्हायचा तो झाला आणि त्याच क्षणी सगळं उमगलं. चिंचेनं घासलेल्या तांब्याचा अंश थेंब थेंब त्या मुळांवर पडत होता. ते विष मीच टांगलं होतं आणि दर सोमवारी ताजं करत होतो. पुढं सरकारी रोपवाटिकेत एका साहेबांनी आम्हाला शिकवलं, की ऑर्किडला तांब्याच्या भांड्यातलं पाणी कधी घालू नये. सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी लिहिलं नाही.

बेगमसाहेबा परत आल्या, पानं बघितली, म्हणाल्या, "देखा, मशक ही थी." आणखी एक संधी होती. सास्तूरला निरोप धाडता आला असता. मी "जी सरकार" म्हणालो. गळत्या कुठं गेल्या असं त्यांनी विचारलं तेव्हा, मठाला परत दिल्या, असं सांगितलं. साहेबांची बदली झाली तेव्हा बेगमसाहेबांनी माझ्यासाठी शिफारशीची चिठ्ठी लिहून घेतली. त्या चिठ्ठीवर मला पुढची नोकरी मिळाली आणि तिच्यावर माझा संसार झाला.

जैतूनचं लग्न मोडल्याचं मला दफ्तरातल्या माणसांकडून कळलं. पुढं निजामाचं राज्य गेलं. त्या दिवसांत मुसलमान घरांवर काय गुजरलं ते आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. सास्तूरकडून कुणी आलं की मी कान टवकारायचो, पण विचारायचो नाही. काय ऐकावं लागेल ह्याची भीती वाटायची. भित्रेपणा माझ्या अंगात किती आहे हे मला त्या वर्षांत समजलं.

निवृत्त झालो त्या वर्षी सास्तूरचे एक गुरुजी शाळेसाठी रोपं मागायला आले. बोलता बोलता म्हणाले, गावात एक म्हातारा आहे, धाराशिवच्या बंगल्यावर भिश्ती होता म्हणे. मी त्यांना रोपं दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळचीच गाडी पकडली. ह्या वेळी सांगायचंच, असं ठरवून निघालो होतो. वाटभर वाक्यं जुळवत होतो.

लाडलेसाब ओसरीत बाजेवर बसले होते. डोळे गेले होते, पण माझा आवाज ऐकताच ताठ झाले.

"गुरप्पा? बंगल्यावरचा? या अल्ला! जैतून, बघ कोण आलंय!"

जैतून बाहेर आली. केस पिकलेले, हात कामानं राठ झालेले. घरात त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि चहा टाकायला आत गेली.

"चाचा," मी म्हटलं, "मला तुमाला एक सांगायचंय."

"तू काय सांगतोस? म्या सांगतो," लाडलेसाबांनी माझा हात चाचपून धरला. शेजारचे दोघं-तिघं ओसरीशी जमले होते, त्यांच्याकडं तोंड करून ते म्हणाले, "हा बघा तो माणूस. सारा बंगला गप बसला, ह्यो एकटा बेगमसाबच्या म्होरं उभा ऱ्हायला. चाचाचा कसूर न्हाय म्हणून भांडला. नोकरीची पर्वा केली न्हाय. त्यांनी ऐकलं न्हाय, ती नशिबाची गोष्ट. पर ह्यो बोलला!"

शेजाऱ्यांनी मला रामराम केला. लाडलेसाब माझा हात सोडत नव्हते. चहा आला, मी प्यालो.

गाडीच्या फाट्यापर्यंत जैतून माझ्याबरोबर आली. गाव मागं पडल्यावर मी विचारलं, "त्यांना हे कुणी सांगितलं?"

"म्या."

ती चालतच होती.

"म्या त्या दिवशी व्हरांड्यामागं धुणं वाळू घालत होते. तुमी मशकीचं बोललेलं सगळं ऐकलं. आन् अब्बा वाट बघत बसले. गुरप्पा बोलंल, गुरप्पा बोलंल. इथं आल्यावर बी तेच. जेवंनात. मग एक दिस सांगितलं, अप्पा लई भांडले तुमच्यासाठी, बेगमसाबनी ऐकलं न्हाय. त्या दिशी जेवले."

मी रस्त्यातच थांबलो. म्हटलं, "जैतून, मशकीचाही दोष नव्हता. ते तांब्याचं भांडं..." आणि पुढं सगळं सांगून टाकलं, हिरव्या डागासकट. तिनं ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, "मी परत येतो. चाचांना सांगतो. एवढं तरी करू दे."

"नगा," जैतून म्हणाली. "आता सांगितलं तर तुमाला बरं वाटंल, अप्पा. त्यांना न्हाय."

गाडी आली. ती मी चढेपर्यंत थांबली आणि मग मागं वळली.

लाडलेसाब गेल्याचं गुरुजींनी पत्रानं कळवलं, त्याला आता दोन वर्षं झाली. शेवटपर्यंत माझं नाव काढत होते, असं त्यांनी पत्रात लिहिलं आहे.